गाडीचं अर्थिंग : परतीच्या वाटेबद्दल

रोवणी आटोपत आली होती. रात्रभर पाऊस लागून राहिला होता आणि सकाळी आठच्या सुमारास मौद्याच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातली छोटी पेट्रोल गाडी ट्रॅक्टरमागे दोरानं बांधून दुकानासमोर आली. गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली. मालक उतरता उतरताच म्हणाले, "भाऊ, सेल्फ घेत नाही जी. बॅटरी तर आत्ता होळीला टाकली." त्याआधीची कधी टाकली होती, मी विचारलं. त्याच्या आधीच्या वर्षी, दसऱ्याला. मधल्या काळात सेल्फ खोलून कार्बन आणि बुश बदलून झाले होते, तेवढ्यानं भागलं नाही म्हणून डायनामोही बदलला होता. प्रत्येक वेळी गाडी आठ-पंधरा दिवस बरी चालायची आणि पहिला ओलावा आला की पुन्हा तेच. धानाच्या पैशातले कितीतरी हजार या गाडीच्या बोनेटखाली गेले होते.

गाडी उभी असताना बॅटरीवर मीटर 12.6 व्होल्ट दाखवत होता, म्हणजे बॅटरी भरलेली. त्यांच्या मुलाला किल्ली मारायला सांगितलं. इंजिन एकदा कण्हलं आणि थांबलं. तेवढ्या क्षणात बॅटरीच्या दोन खुंट्यांवर 11.4 आले. संशय मला इथंच आला. सेल्फ जोरात फिरतो तेव्हा चांगली बॅटरीसुद्धा दहा-साडेदहापर्यंत खाली येते. ही 11.4 वर उभी होती, कारण तिच्याकडून कोणी फारसं काही ओढतच नव्हतं. मग मीटरची एक सुई सेल्फच्या जाड वायरच्या नटावर आणि दुसरी सेल्फच्या अंगावर धरून पुन्हा किल्ली मारायला लावली. 7.2. बॅटरीकडून 11.4 निघाले आणि सेल्फला 7.2 मिळाले, तर मधले 4.2 व्होल्ट गेले कुठं? पॉझिटिव्ह वायरच्या दोन टोकांत मोजलं, 0.4. शेवटी काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि लाल सुई इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवली. 3.8.

गाडीखाली पडून पाहिलं. गिअरबॉक्सवरून चेसिसला जाणारी तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी जागेवर होती. बोल्ट हातानं हलत नव्हता. वरून बघणाऱ्याला त्यात काही वावगं दिसलं नसतं. पण दोन वर्षांपूर्वी गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झालं होतं, तेव्हा ही पट्टी सोडवून ठेवली होती, चेसिसवर रंगाचे हात मारले होते आणि नंतर पट्टी त्या रंगावरच आवळली होती. करंट जात होता तो फक्त बोल्टाच्या आट्यांमधून, आणि त्या आट्यांनाही आता गंज धरला होता. बोल्ट काढला. पॉलिश पेपरनं रंग घासून रुपयाएवढी जागा पांढरी चकचकीत केली, पट्टीचं टोक दोन्ही बाजूंनी घासलं, दात्यांचा वायसर घालून बोल्ट आवळला. वीस मिनिटांचं काम. किल्ली मारली तशी गाडी पहिल्या फेऱ्यात उठली. मीटरवर 3.8 च्या जागी 0.15 होते.

मालक थोडा वेळ गप्प उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "मग बॅटरी काहून बदलली?"

त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यावं म्हणून ही पुस्तिका लिहिली आहे.

रामटेकला आणि मनसरच्या हायवेवर मी गाड्यांचं वायरिंग करत आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. या काळात बॅटरी खराब, सेल्फ खराब, डायनामो खराब असं सांगून पुढं आलेल्या कितीतरी गाड्यांचा दोष शेवटी अर्थिंगमध्ये निघाला. बदलणाऱ्यानं फसवलं असं मी म्हणणार नाही. बहुतेक वेळा त्यालाही ठाऊक नसतं. नवी बॅटरी टाकताना टर्मिनल घासून घट्ट बसतात, वायर हलवल्या जातात, म्हणून गाडी काही दिवस चालते, आणि बॅटरीच खराब होती असा त्याचाही समज पक्का होतो. माझ्याही हातून सुरुवातीच्या काळात असे चांगले पार्ट बदलले गेले आहेत. ज्यांचे बदलले त्यांचे पैसे मी परत देऊ शकलो नाही, याची बोच आजही आहे.

अर्थिंग हा शब्दच मुळात घोटाळा करतो. घरात आपण अर्थिंग म्हणतो ते वेगळं. अंगणात खड्डा करून, कोळसा-मीठ घालून पत्रा किंवा नळी पुरतात आणि तिथून वायर आणतात. ती सुरक्षेची वायर आहे. मिक्सर-पंखा नीट चालू असेल तर तिच्यातून काही वाहत नाही. ती तुटली तरी पंखा फिरतो, म्हणून ती दुय्यम वाटते. तेच डोक्यात घेऊन माणूस गाडीकडं येतो आणि तिथल्या काळ्या वायरीलाही दुय्यम समजतो. गाडी तर चार रबरी टायरांवर उभी आहे, तिचा मातीशी काही संबंध नाही. गाडीत अर्थ म्हणजे परतीची वाट. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघालेला करंट दिव्यातून, हॉर्नमधून, सेल्फमधून काम करतो आणि बॉडीच्या पत्र्यातून, इंजिनच्या धातूतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत येतो. जेवढा जातो तेवढाच परत येतो, कणभरही कमी नाही.

ही युक्ती गाडीच्या आधीची आहे. 1838 मध्ये जर्मनीत कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल यांनी तारायंत्रासाठी दाखवून दिलं की दोन तारा ओढायची गरज नाही, परतीचं काम जमीनच करू शकते. तारेचा खर्च निम्म्यावर आला. मोटार बनवणाऱ्यांनी तेच केलं, फक्त जमिनीच्या जागी लोखंडी बॉडी घेतली. नाव मात्र 'अर्थ' असंच राहिलं. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं, आता सगळीकडं निगेटिव्ह असतं. दोन्हीकडं तत्त्व एकच: प्रत्येक दिव्याला एकच वायर, दुसरी वाट पत्र्यातून.

शिकाऊ पोरांना मी रहाटाचं उदाहरण देतो. पाटाचं पाणी शेतात गेलं की मुरलं, ते परत येत नाही. करंट तसा नाही. करंट रहाटगाडग्याच्या माळेसारखा आहे. भरलेली गाडगी वर येतात तेव्हाच रिकामी खाली जात असतात. रिकाम्या बाजूला माळ अडकली तर भरलेली बाजू आपोआप थांबते, मग वर बैल कितीही दणकट जुंपा. गाडीत नवी बॅटरी टाकणं म्हणजे बैल बदलणं, आणि माळ अडकली आहे ती खाली.

आता अडकणं म्हणजे काय, ते आकड्यात बघू. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ दीडशे अँपिअरच्या आसपास ओढतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. परतीच्या वाटेवर कुठं तरी 0.02 ओहमचा अडथळा आला तर दीडशे अँपिअरला 3 व्होल्ट तिथंच खर्च होतात. 0.02 ओहम ही इतकी लहान गोष्ट आहे की आपला साधा मीटर ओहमवर ठेवला तर तो ती ओळखू शकत नाही, त्याच्या सुयांच्या वायरींचाच अडथळा त्यापेक्षा मोठा असतो. हेडलाइटच्या दोन बल्बांना मिळून सुमारे दहा अँपिअर लागतात. तिथं 0.1 ओहम आला की एक व्होल्ट गेला. साडेतेरामधला एक व्होल्ट म्हणजे काही फार नाही असं वाटेल, पण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार झपाट्यानं उतरतो. एका व्होल्टला उजेडाचा जवळजवळ चौथा हिस्सा जातो. रात्री पावसात रामटेकच्या गडाच्या रस्त्यानं गाडी उतरवणाऱ्याला तो चौथा हिस्सा किती लागतो ते मी सांगायला नको.

या भागात हा दोष एवढा का दिसतो, याचा विचार मी बरीच वर्षं केला आहे. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळीसच्या वर जातो. बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. रोज तापून रोज निवणारा तांब्याचा थिंबल आणि लोखंडी बोल्ट सारख्या मापानं फुगत नाहीत, हळूहळू सैल होतात. वायरवरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं. मग मृगानंतर एकदम ओल. कालिदासाच्या 'मेघदूता'तला यक्ष आषाढाच्या पहिल्या दिवशी ज्या रामगिरीवर ढग बघतो ती ही आमची रामटेकची टेकडी, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. गावात आषाढ लागला की त्याची आठवण निघते. त्याच दिवसांत आमच्याकडं सेल्फ न घेणाऱ्या, हॉर्न घोगरा झालेल्या, इंडिकेटर वेडेवाकडे लागणाऱ्या गाड्यांची रांग लागते. उन्हाळ्यानं पाडलेल्या फटींत पावसाचं पाणी शिरतं आणि दोष उघडा पडतो. लोक पावसाला दोष देतात. सुरुवात मात्र उन्हाळ्यात झालेली असते.

त्यावर धूळ. मनसर-कांद्रीकडं मँगनीजच्या खाणी आहेत, तिकडच्या गाड्यांच्या प्रत्येक सांध्यात काळी भुकटी बसलेली असते आणि ती ओल धरून ठेवते. पेंचच्या सफारीच्या जिप्सींचं दुखणं आणखी वेगळं. अंग उघडं, रस्ता खडबडीत, आणि धुळीमुळं पाण्याच्या फवाऱ्यानं वारंवार धुणं. पावसाळ्यात सफारी बंद असते तेव्हा गाड्या उभ्या राहतात, आणि ऑक्टोबरात पहिल्यांदा किल्ली लावली की मागचे दिवे हमखास काहीतरी दाखवतात. धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या गाड्यांच्या पोटाला चिखल वाळून बसतो, अर्थच्या बोल्टावर तो ओल्या पोत्यासारखा राहतो. समुद्रकाठावरून आलेली सेकंडहँड गाडी असेल तर मी आधी गाडीखालीच जातो. खारी हवा पत्रा आतून खाते आणि बोल्ट जिथं आवळला आहे तो पत्राच पापडासारखा झालेला असतो.

आता लक्षणांकडं. पुस्तिकेतलं सर्वांत मोठं प्रकरण त्यांचंच आहे, कारण अर्थिंग बिघडलं की गाडी अशा गोष्टी करते की माणसाला ती बाधल्यासारखी वाटते. ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवे आणि नंबरप्लेटचा दिवा मंद पेटतात. इंडिकेटर टाकला की मागचा तांबडा दिवा त्याच तालावर लुकलुकतो. यात जादू काही नाही. जुन्या पद्धतीच्या मागच्या दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, ब्रेकची 21 वॉटची आणि पार्किंगची 5 वॉटची, आणि दोघींची परतीची वाट एकच, बल्बच्या अंगातून. ती वाट बंद झाली की ब्रेकच्या तारेतला करंट थांबून राहत नाही. तो 5 वॉटच्या तारेतून उलटा घुसतो, पार्किंगच्या वायरीनं मागं जातो आणि दुसऱ्या बाजूच्या दिव्यांतून, डॅशबोर्डच्या बल्बमधून अर्थ शोधतो. जिथं त्याला वाट मिळते तिथले दिवे त्याच्यामुळं पेटतात. हे एकदा डोळ्यासमोर आलं की असं प्रत्येक भूत आपल्याला वाटच दाखवत असतं.

हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा वर चढतो आणि दिवा बंद केला की लगेच उतरतो, हेही नेहमीचं. अशा गाडीचा थर्मोस्टॅट आणि रेडिएटर बदलल्याचं मी पाहिलं आहे. दोन बोटं कपाळाला लावून विचार केला तर कळेल, रेडिएटरमधलं पाणी एका क्षणात तापत नाही आणि एका क्षणात निवत नाही. काट्यानं क्षणात उडी मारली तर वाढली आहे ती उष्णता नव्हे. मीटरला आणि दिव्याला मिळून एकच कमकुवत अर्थ आहे, आणि दिव्याचा करंट त्या अर्थची पातळी वर उचलतो आहे.

एक लक्षण मात्र हसत सोडून द्यायचं नाही. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळं धातूच्या पट्टीशिवाय त्याचा बॉडीशी खात्रीचा संबंध नसतो. ती पट्टी तुटली की सेल्फचा शेदीडशे अँपिअर करंट मिळेल त्या वाटेनं परत येतो: एक्सलेटरच्या केबलमधून, गिअरच्या केबलमधून, ॲक्सलच्या बेअरिंगमधून. एक्सलेटरची केबल त्यात लाल होण्याइतकी तापते आणि तिच्या आतली प्लास्टिकची नळी वितळते. केबल मध्येच अडकली तर रस्त्यावर काय होईल याचा विचार करा. नवी टाकलेली एक्सलेटर केबल वर्षाच्या आत जड झाली, किंवा सेल्फ मारताना बोनेटखाली जळका वास आला, तर दुसरं काहीही बघण्याआधी इंजिनची अर्थपट्टी बघा.

तपासण्याच्या पद्धतीवर मी थोडा हट्टी आहे आणि वाचकानंही हट्टी व्हावं अशी माझी इच्छा आहे. पोरं मीटर बझरवर ठेवतात, वायरच्या दोन टोकांना सुया लावतात, मीटर 'बीप' करतो आणि वायर चांगली म्हणून पुढं जातात. जाड केबलमध्ये शेकडो बारीक तारा असतात. त्यातल्या सगळ्या तुटून एक उरली तरी बझर वाजणारच. त्या एका तारेतून मीटरचा नगण्य करंट जातो, सेल्फचा जात नाही. एका लोखंडी सळईवरून मांजर गेलं म्हणून बैलगाडी जाईल असं आपण म्हणतो का? वाट तपासायची तर तिच्यावर वजन टाकून तपासायची. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, लाल सुई जिथं अर्थ असायला हवा तिथं, आणि मग ते काम चालू करायचं: सेल्फ मारायचा, हेडलाइट लावायचा, ब्लोअर शेवटच्या नंबरवर टाकायचा. मीटर जे दाखवेल तेवढे व्होल्ट परतीच्या वाटेवर वाया जात आहेत. सेल्फ फिरताना 0.2-0.3 व्होल्टपर्यंत चालतं. दिवे, पंखा, हॉर्नच्या अर्थवर 0.1 च्या वर गेलं तर तिथं काम आहे.

सुई खुंटीवर म्हणजे शिशाच्या खुंटीवरच टेकवायची, तिच्यावर बसलेल्या टर्मिनलवर नव्हे. निम्मे दोष या दोघांच्या मध्ये दडलेले असतात, काळ्या-पांढऱ्या थराखाली. पुढं पुढं सरकत मोजायचं: खुंटी ते टर्मिनल, टर्मिनल ते बॉडी, बॉडी ते इंजिन. आकडा जिथं एकदम उडी मारतो तिथंच पान्हा लावायचा.

ज्याच्याकडं मीटर नाही त्यानंही हताश व्हायचं कारण नाही. माझ्या उस्तादांकडं मीटर नव्हता. ते बॅटरी-टू-बॅटरी लावायची एक जाड केबल घ्यायचे, गाडी न्यूट्रल करून हँडब्रेक ओढायचे, केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावून किल्ली मारायचे. मेलेला सेल्फ गरकन फिरला की ते म्हणायचे, "सेल्फ जिवंत आहे, वाट मेली आहे." मागच्या दिव्यांसाठी ते हातभर वायरनं दिव्याचं अंग चेसिसच्या घासलेल्या जागेला जोडून बघायचे. वायर टेकली आणि भूत पळालं की काम संपलं. या दोन चाचण्यांना एक रुपया खर्च नाही.

दुरुस्तीच्या प्रकरणात नवं असं फार नाही, पण जे आहे ते नीट करणारे हात कमी आहेत. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडायची, शेवटी निगेटिव्हच लावायची. उलटं केलं आणि पॉझिटिव्हवरचा पान्हा बॉडीला लागला तर ठिणगी बॅटरीच्या वायूजवळ पडते. टर्मिनलवरची पांढरी-निळी भुकटी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवायची. जोडायच्या दोन्ही जागा चकचकीत होईपर्यंत घासायच्या. आधी धातूला धातू भिडवून आवळायचं आणि मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावायचं, म्हणजे ओल आत जात नाही. तांब्याच्या तारा हातानं पीळ देऊन काळी टेप गुंडाळण्याची सवय सोडून द्यावी. थिंबल प्रेसनं दाबून बसवावा. कथिलाचा हात असलेला थिंबल घ्यावा. आपल्या आज्या पितळेच्या पातेल्याला दरवर्षी कल्हई करून घेत, कारण कल्हई गेलेल्या पातेल्यात आंबट पदार्थ कळकतो. थिंबलवरचा पांढरा थर ही तीच कल्हई आहे. कल्हई नसलेलं तांबं बॅटरीच्या आम्लाच्या वाफेजवळ तसंच हिरवं पडतं, आणि पाणी तारांमधून प्लास्टिकच्या आत हातभर वर चढतं. टोक कापून बघा: आतलं तांबं काळं दिसलं तर लाल तांबं लागेपर्यंत मागं कापत जायचं. अर्थ घ्यायला पत्र्यात कुठंही स्क्रू ठोकायचा नाही. म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा, टपावरचे दिवे बसवणारे नेमकं हेच करतात. त्या बारीक स्क्रूला वर्षभरात गंज चढतो आणि बिघाडाचं खापर गाडीवर फुटतं. इंजिनला जादा अर्थ द्यायचा तर केबल 16 चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको.

नव्या गाड्यांबद्दल लोक म्हणतात, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, तुमच्या या गोष्टी जुन्या झाल्या. मला उलट वाटतं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि गाडीत सेन्सरची गर्दी झाली. त्यातले बरेचसे सेन्सर 5 व्होल्टवर चालतात. सायलेन्सरच्या नळीतला साधा ऑक्सिजन सेन्सर तर सगळी हकीकत 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये सांगतो. सेल्फला 0.1 व्होल्टचं नुकसान जाणवतही नाही, पण या सेन्सरच्या अर्थवर 0.1 सरकलं तर इंजिनच्या कॉम्प्युटरला मिळणारी माहितीच खोटी होते. चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर सेन्सरचं नाव सांगतो, महागडा सेन्सर बदलला जातो आणि आठवड्यानं दिवा परत लागतो. स्कॅनर खोटं बोलत नाही. कॉम्प्युटरला कोणता आकडा पटला नाही, एवढंच तो सांगतो. तो आकडा का बिघडला हे शोधायचं काम माणसाचंच राहतं. म्हणून एकाच वेळी दोन-तीन वेगवेगळे, एकमेकांशी संबंध नसलेले कोड आले की मी आधी त्यांचा सामाईक अर्थ कुठं आहे ते शोधतो.

या गाड्यांत काही पथ्यंही पाळावी लागतात. कित्येक गाड्यांच्या निगेटिव्ह टर्मिनलवरच करंट मोजणारा छोटा सेन्सर असतो. जादा अर्थ किंवा चार्जरची काळी चिमटी थेट खुंटीला लावली तर तो करंट सेन्सरला चुकवून जातो आणि चार्जिंगचा हिशेब बिघडतो, म्हणून ती बॉडीच्या बाजूला लावायची. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना सुई लावायची नाही. वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी सोडवायची. अनुभवी वेल्डरही घाईत हे विसरतात आणि मग कॉम्प्युटर जळल्याची बातमी येते.

ही पुस्तिका मी दोन माणसांसाठी लिहिली आहे. एक, आयटीआय करून गॅरेजात लागलेला पोरगा, ज्याला दुकानाचा मालक म्हणतो, "एवढा वेळ कशाला घालवतोस, बदलून टाक." दुसरा, गाडीचा मालक, ज्याला पान्हा धरायचा नाही, पण बॅटरी बदला असं कुणी सांगितलं तर "सेल्फ मारताना निगेटिव्ह ते इंजिन किती येतं ते दाखव ना भाऊ" एवढं विचारायचं आहे. त्या एका प्रश्नासाठी काही शिकावं लागत नाही आणि दुकानदारानंही तो मनाला लावून घेऊ नये. आकृत्या मी हातानं काढल्या आहेत. पॉझिटिव्हची वाट ठळक काळ्या रेघेनं आणि परतीची वाट तेवढ्याच जाड तुटक रेघेनं. छापणाऱ्यानं तुटक रेघ बारीक केली होती, ती मी परत जाड करून घेतली.

पुस्तिका शेल्फवर ठेवायची नाही. तेलकट हातानंच उघडायची आहे, पानांना डाग पडले तर पडू द्यावेत. मागच्या पानांवर कोरा तक्ता दिला आहे: तारीख, गाडी, कोणत्या दोन जागांमध्ये मोजलं, तेव्हा काय चालू होतं, कामाआधी किती आणि कामानंतर किती. ज्याच्या हाती ही पुस्तिका पडेल त्यानं तो भरत जावा. वर्षभरानं आपल्याच भागातल्या गाड्या कुठं कुठं सडतात याचा नकाशा त्याच्या हातात असेल, आणि तो कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडेल. पहिली ओळ मी भरून दिली आहे. महिना जुलै, छोटी पेट्रोल गाडी, बॅटरीची निगेटिव्ह खुंटी ते इंजिन, सेल्फ मारताना. आधी 3.8. नंतर 0.15.